तुर्भ्याला शिवलेले बर्फाचे कपडे

बर्फ मी पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, नाहीतर मासळीच्या टोपलीत, भुशात गुंडाळलेला. त्यापलीकडचा बर्फ मला ठाऊक नाही. तरी ऐन उमेदीची वर्षं मी बर्फात जाणाऱ्या माणसांचे कपडे शिवले. तुर्भ्याला, पत्र्याच्या शेडमध्ये, घामानं चिंब होऊन.

आमच्या विहाराच्या वाचनालयात दिवाळी अंक येतात. त्यात डॉक्टरीणबाई आपल्या पेशंटांबद्दल लिहितात, शाळेतल्या बाई मुलांबद्दल लिहितात. कारखान्यात शिवणाऱ्या बाईनं लिहिलेलं मला अजून सापडलेलं नाही. मी चौथी शिकलेली. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा घसा बसतो. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून लिहिते. पाठवणार कुठे नाही.

आधी काम काय होतं ते सांगते. लोकांना वाटतं, थंडीचे कपडे म्हणजे जाडजूड कापड. तसं नसतं. थंडी जाडीनं अडत नाही, अडकवून ठेवलेल्या हवेनं अडते. म्हणून एकावर एक तीन कपडे. अंगाला लागून लोकर. सुती बनियन तिथं वैरी, कारण सूत घाम पितं आणि ओलं राहतं, आणि ओलं अंग बर्फात गेलं की संपलं. मधे भरण घातलेलं जाकीट. त्यावर वारा न शिरणाऱ्या कापडाचा सैल कोट. सैल म्हणजे सैलच. घट्ट कपड्यात हवा राहत नाही आणि रक्तही फिरत नाही.

मधलं जाकीट म्हणजे आपली गोधडीच. भरण एका जागी गोळा होऊन खाली बसू नये म्हणून कप्पे पाडायचे. पण गोधडीसारखी आरपार शिलाई मारली की सुईच्या प्रत्येक भोकातून वारा येतो. म्हणून आतल्या अस्तराची शिलाई आणि बाहेरच्या कापडाची शिलाई एकमेकींच्या समोर येऊ द्यायची नाही. चेनच्या मागे कापडाची पट्टी हवी, नाहीतर तिच्या दातांतून गार रेघ छातीवर उतरते. खांद्यावर शिलाई नको, तिथं पाठीवरच्या ओझ्याचा पट्टा घासतो. हातमोज्यांत चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा. एकत्र राहिलेली बोटं एकमेकींना ऊब देतात, एका पांघरुणातल्या भावंडांसारखी. असल्या मोज्यांना आम्ही थैल्या म्हणायचो. दोन थैल्यांना एक दोरी लावून ती कोटाच्या बाह्यांतून घालायची, लहान मुलांना लावतात तशी, कारण वाऱ्यानं एक थैली उडून गेली तर तो हात गेलाच म्हणायचा. आणि जे काही बटण, बकल, चेन असेल ते थैली न काढता उघडता आलं पाहिजे. हा आमच्या कामाचा पहिला नियम होता. मास्तरांनी तो खडूनं भिंतीवर लिहिला होता.

मास्तर म्हणजे कटिंग मास्तर आणि सुपरवायझर, दोन्ही तेच. शेठ आठवड्यातून एकदा गाडीतून यायचे. बाकी राज्य मास्तरांचं.

काम जोरात यायचं ते होळीच्या पुढे, कारण डोंगरावर जाणारे मे-जूनमध्ये निघतात. म्हणजे आम्हाला ऐन उन्हाळा. पंखे बंद, कारण भरण उडतं. नायलॉनवर घामाचा थेंब पडला तर वाळल्यावर पांढरा डाग राहतो आणि तुकडा बाद होतो, म्हणून आम्ही कपाळाला चिंध्या बांधून बसायचो. एकदा एक नवरदेव काश्मीरला जायचं म्हणून स्वतः कोट घ्यायला आला. कोट, टोपी, थैल्या, सगळं चढवलं आणि शेठच्या खोलीतल्या आरशापुढून हलेना. बायकोला बाहेर रिक्षात बसवलं होतं. अखेर धाडकन खाली पडला. आम्ही चेन उघडून त्याच्यावर पाणी मारलं. शुद्धीवर येऊन म्हणतो कसा, "माल चांगला आहे."

आम्ही हसलो खूप. पण पाणी म्हटलं की मला दुसरंच आठवतं.

शेडच्या मागे एक संडास होता. त्याला कुलूप, आणि किल्ली मास्तरांच्या टेबलामागे खिळ्याला. तिला लाकडाचा ठोकळा बांधलेला, हरवू नये म्हणून. जायचं असेल तर लाइनवरून उठायचं, सगळ्या पुरुषांच्या समोरून टेबलापाशी जायचं आणि किल्ली मागायची. मास्तर मान वर न करता म्हणायचे, "परत?" पहिल्यांदा गेलं तरी परतच. त्यामुळे आम्ही बायका पाणीच प्यायचो नाही. सकाळी घरून निघताना घोटभर, मग एकदम घरी गेल्यावर. उन्हाळी लागायची, लघवीला आग आग व्हायची. घरी धन्याजिऱ्याचं पाणी प्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नवीन आलेल्या बाईला आम्ही मशीन शिकवायच्या आधी हे शिकवायचो.

माझ्या शेजारच्या मशीनवर हिरा होती. ती तिथलीच, गावठाणातली आगरीण. त्यांची शेतं आणि मिठागर शहर वसवायला घेतली, आणि त्याबदल्यात ही नोकरी मिळाली, असं ती सांगायची. सांगताना हसायची, पण ते हसू ऐकवत नसे. कारखान्यातही ती काष्टा घातलेल्या लुगड्यातच यायची. मास्तरांनी एकदा म्हटलं, साडी नेस, बरं दिसतं. हिरा म्हणाली, "तुमच्या पगारात लुगडं सुटंल, मास्तर, बदलनार नाय."

एका वर्षी ठाण्याच्या एका क्लबची ऑर्डर आली. फक्त मुलींची तुकडी हिमालयात एका शिखरावर जाणार होती. मापं द्यायला त्यांच्यातली एक आली, वसुधा. बँकेत नोकरी करायची. बारीक चणीची, सावळी, चष्मा लावणारी. मास्तरांपुढे ती मापाचे आकडे बोलली आणि गप्प झाली. जेवणाच्या सुट्टीत मात्र सरळ आमच्यात येऊन बसली. हिरानं तिच्यापुढे तांदळाची भाकरी आणि सुकट ठेवली. तीही लाजली नाही, खाल्ली.

हिरानं विचारलं, "गो बाय, ता बर्फ कसा असतो? आमच्या मिठागरासारखा का? तिथं पन सगलं पांढरंच होतं. बघून बघून डोले जलायचे."

"अगदी तसंच, हिराताई," वसुधा म्हणाली. "बर्फानंही डोळे जळतात. काळा चष्मा लावावा लागतो."

"आमाला कोनी चष्मा दिला नाय," हिरा म्हणाली.

मग वसुधानं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "एक विचारायचं होतं. तुमच्या मास्तरांना कसं सांगू कळेना. ही जी पँट आहे ना, ती छातीपर्यंत आहे, खांद्यावर पट्टे. पुरुषांचं पुढच्या चेनवर भागतं. आम्हाला जायचं झालं तर आधी कोट काढायचा, मग पट्ट्यांची बकलं सोडायची, मग सगळं खाली. त्या वाऱ्यात."

सगळ्या बायका एकदम हसल्या. इतक्या दिवसांत तोंडातून न निघालेली गोष्ट एक शिकलेली मुलगी बोलली होती, म्हणून हसल्या.

"ह्याच्यात काय अवघड?" हिरा म्हणाली. "आमच्यासारखं कर. पानीच पिऊ नको."

आणखी हसू. वसुधाही हसली, पण मग तिनं हात हलवला. "तिथं तसं चालत नाही, हो. तिथली हवाच अंगातलं पाणी ओढून घेते. बर्फ वितळवून वितळवून प्यायला लागतो. पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं, ते बोटांच्या टोकांपर्यंत पोचत नाही. मग बोटं आधी पांढरी पडतात, मग काळी. मग कापावी लागतात. तुम्ही शिवता त्या तीन कपड्यांच्याही आतला कपडा म्हणजे पाणी."

हिरानं आपला डबा बंद केला आणि उठली. उठताना तिनं काष्टा झटकून सारखा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "शेतात लावनीला आमाला कवा काय सोडावं लागलं गो, सुमन? बसलं की उघडं, उठलं की झाकलं."

तेच आम्ही केलं. पँटच्या मागच्या बाजूचे दोन भाग मधोमध एकमेकांना न जोडता, वीतभर एकावर एक चढवायचे, कमरेपासून खालपर्यंत. उभं राहिलं की दोन्ही पदर मिटलेले, आणि दोन थर झाल्यामुळे तिथं ऊब उलट जास्त. बसलं की हातानं बाजूला होतात. कमरेशी दोन मोठी लाकडी बटणं आणि त्यांना दोरीचे लूप, थैली घातलेल्या हातानं सुटतील असे. आतल्या लोकरीच्या विजारीचं वसुधा घरी करून घेणार होती. नमुन्याची पँट मी शिवली. वसुधा पुढच्या शनिवारी, मास्तर जेवायला बाहेर गेलेले असताना आली तेव्हा हिरा आणि मी अस्तराचा तागा आडवा धरून उभ्या राहिलो आणि मागे ती सगळा पोशाख चढवून, थैल्या घालून, तुर्भ्याच्या त्या भट्टीत उकिडवी बसली.

"बस गो बाय, नीट बस. मंदिरात बसल्यासारकी नको बसू," हिरा ओरडत होती.

"जमलं!" आतून वसुधा ओरडली. "सुमनताई, जमलं! एका हातानं उघडतंय!"

ती बाहेर आली तेव्हा चष्म्यावर वाफ धरली होती आणि घाम हनुवटीवरून गळत होता. तिनं थैली घातलेल्या हातानंच माझा हात धरला. माझ्या कामासाठी कुणी असा हात धरलेला मला आठवत नाही.

पदरांना लागणारं जादा कापड आम्ही कटिंगच्या उरलेल्या तुकड्यांतून जोडलं, म्हणून मास्तरांना आधी कळलं नाही. सगळ्या पँटी तशाच शिवून झाल्या आणि चेकिंगला गेल्या. मास्तरांनी एक उचलली, उलटी केली, दोन्ही पदर बोटानं फाकवले आणि सगळ्या शेडला दिसेल अशी वर धरली.

"हे काय आहे? कोणाची अक्कल?"

पुरुषांच्या लाइनवर कुणीतरी शीळ घातली.

मी उभी राहिले. "त्या ताईंनी सांगितलंय," म्हटलं. एवढंच निघालं.

"मला सांगितलं? ऑर्डर मी घेतो की तू? बायकांच्या पँटला मागून दरवाजा! शेठनं बघितलं तर? वारा शिरला, कोणी मेलं, तर नाव कोणाचं?"

हिरा बसल्या जागेवरून म्हणाली, "मास्तर, त्या पोरीला विचारा तरी."

"तू मशीन चालव."

विचारलं त्यांनी, पण तिला नाही. क्लबच्या सेक्रेटरीला फोन लावला. आम्हाला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "नाही ना? तुम्हाला पण काही बोलल्या नाहीत? तेच म्हणतो मी... हो, हो, पुरुषांची असते तशीच." फोन ठेवून त्यांनी सगळ्या पँटी माझ्या मशीनवर आणून टाकल्या. "बंद कर."

मी बंद केल्या, पण कच्च्या टाक्यांनी. लांब लांब टाके, एक धागा ओढला की सगळी शिलाई सुटेल असे. वसुधाला कानात सांगायचं ठरवलं होतं. पण मास्तर मुरलेला माणूस. त्यांनी शिलाईत नख घालून ओढलं, धागा सर्रकन आला. पँटी उचलून पुरुषांच्या लाइनवर नेल्या. तिथं वरचे पदर कापून टाकले, त्या जागी भरण घातलेला सबंध तुकडा बसवला आणि जाड दोऱ्याची दुहेरी शिलाई मारली. आता उसवायचं म्हटलं तर कप्पा फुटून भरण बाहेर आलं असतं. कापलेले पदर, लाकडी बटणं आणि लूप खाली कचऱ्यात पडले. मी ती बटणं वेचून पिशवीत टाकली. मला मशीनवरून उठवून धागे कापायच्या फळीवर बसवलं. तिथं नवीन पोरी बसतात.

माल न्यायला वसुधा आली तेव्हा निघायला दोनच दिवस होते. तिनं पँट उलटी केली आणि बघत राहिली. मग मास्तरांच्या टेबलाशी गेली. लांबून मला एवढंच दिसलं की ती बोलते आहे आणि तिचे कान लाल झाले आहेत, आणि मास्तर कागदावर सही कुठे करायची ते बोटानं दाखवताहेत. त्यांच्या डोक्यामागे खिळ्याला किल्ली लोंबत होती.

परत जाताना ती आमच्यापाशी थांबली.

"जाऊ द्या," म्हणाली. "मी म्हटलं त्यांना. ते म्हणाले, बाकीच्या मुलींची तक्रार नाही, तुम्हालाच कसा त्रास?" मग हसली. "आता हिराताईंचंच ऐकावं लागणार."

आम्ही हसलो. चेष्टा होती ना ती.

पावसाळा सरत आला तेव्हा ती पुन्हा आली. फाटकातून येताना हात ओढणीत गुंडाळलेले. मास्तर उठून उभे राहिले, तिला खुर्ची दिली, थंड मागवलं. तुकडी निघायच्या आधीचा एक फोटो क्लबनं पाठवला होता, आमच्या नारिंगी कोटातल्या सगळ्या मुली हसताहेत असा. तो मास्तरांनी फ्रेम करून टेबलामागे लावला होता, किल्लीच्या खिळ्याशेजारीच. शेठबरोबर आलेल्या गिऱ्हाईकाला त्यांनी फोटोतली वसुधा दाखवली आणि मग समोरची. "आमचा माल घालून वादळात सापडली होती. बघा, जिवंत उभी आहे."

थंडाची बाटली तिनं दोन्ही तळव्यांत धरली. तेव्हा दिसलं. उजव्या हाताची बोटं पेरापाशी संपलेली, डाव्याचा अंगठा आणि करंगळी तेवढी पुरी.

जेवणाच्या सुट्टीत तिनं आम्हाला सांगितलं. रडत नव्हती, बँकेतलं काम सांगावं तसं सांगत होती. वर पोचल्यापासून तिनं पाणी तोडलं होतं. सगळ्यांनीच थोडंफार तोडलं होतं, हिनं जास्त. सोबतच्या मुली भांडं पुढे करायच्या, ही ओठ लावून परत द्यायची. मग वादळ आलं, तंबूत अडकून पडल्या. तरी एकदा जावंच लागलं. बाहेर जाऊन कोट काढला. खांद्याची बकलं थैलीनं निघेनात, बर्फ धरला होता. थैल्या काढल्या. त्या दोरीला लोंबत राहिल्या, उडाल्या नाहीत. पण तेवढ्या वेळात वाऱ्यानं त्यांच्यात बर्फ भरला. तिनं तशाच हातांत चढवल्या.

"दोरी तुम्हीच लावली होती ना?" तिनं मला विचारलं. "पक्की होती."

मी मान हलवली.

"माझ्यामुळे सगळ्या खाली आल्या. शिखर राहिलं. क्लबनं मीटिंग घेतली. सेक्रेटरी म्हणाले, उघड्यावर हातमोजे काढणं हा निष्काळजीपणा. मी कशासाठी काढले ते नाही विचारलं कुणी. आणि तिथं आठ पुरुष बसले होते, मीही नाही सांगितलं."

हिरा उठली, माठातून तांब्या भरून आणला, वसुधाच्या तोंडाला लावला आणि ती पिऊन होईपर्यंत धरून उभी राहिली. उरलेलं पाणी स्वतः घटाघट प्यायली. मग सगळ्या शेडमधून टेबलापाशी गेली आणि मास्तरांना न विचारता खिळ्यावरची किल्ली काढून घेतली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खिळा काढला आणि किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवायला सुरुवात केली.

जाताना वसुधा मला बाजूला घेऊन म्हणाली, "सुमनताई, तुमच्याकडेच काम होतं. ब्लाउजचे हुक मला लावता येत नाहीत. रोज आईला हाक मारावी लागते. टिचबटणही दाबलं जात नाही. काहीतरी करून द्याल?"

त्या रविवारी दुपारी कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीत मी तिचा ब्लाउज बेतला. पुढून उघडा, एक बाजू दुसरीवर चांगली चढवलेली. पिशवीतली लाकडी बटणं काढली, त्यांना दोरीचे लूप लावले. मग बाद मालातली एक थैली होती माझ्याकडे, ती उजव्या हातात घातली आणि डोळे मिटून बटण लावून बघायला लागले. बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलेलं, थैलीत हाताला घाम सुटलेला. बटण दोनदा सटकलं. मी लूप उसवला, थोडा मोठा केला, पुन्हा लावला.

आमचे मालक कळंबोलीहून लोखंड उतरवून घरी आले होते. ते दारात उभे राहून बघत होते.

"उकाड्यात हे काय घातलंस?"

"ते थंडीत घालायचे कपडे असतात ना," मी म्हटलं, "त्यांचंच चाललंय."

ते आत गेले आणि माठातून पाणी घेऊन आले. मी हातातली थैली न काढताच तांब्या धरला.